टोपलीभर लाभक्षेत्र

कोरड्या खतावर पडलेला पाण्याचा थेंब आत शिरत नाही. तो आधी जरा लांबट होतो, मग सावरून गोल होतो, अंगावर खताची तपकिरी पूड चढवून घेतो आणि उतार सापडेल तिकडे निघून जातो. शामसुंदर गायधनी यांनी असा एक थेंब घड्याळ लावून पाहिला. तो मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा होता आणि समईची ज्योत त्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढी दिसत होती. दोन मिनिटं चाळीस सेकंद तो जागेवर बसून होता. मग टोपलीच्या कडेनं घरंगळला आणि खालच्या परातीत पडला.

नवरात्रातली दुसरी माळ होती. देवघरासमोर पाट, पाटावर पितळेची परात, परातीत बांबूची टोपली, टोपलीत खत, खतात पेरलेले गहू आणि मधोमध तांब्याचा कलश, अशी मांडणी होती. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही. रोज एक माळ चढवायची, थोडं पाणी घालायचं, आणि नऊ दिवसांत गव्हाचे कोंब वीतभर वर येतात. त्यात माणसानं करण्यासारखं फार काही नसतं. शामसुंदररावांनी ते करायला घेतलं, तिथून सगळं सुरू झालं.

ते पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी धरणातलं पाणी कालव्यात, कालव्यातलं चारीत आणि चारीतलं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवलं होतं. निदान कागदावर तरी ते पोचलं होतं. हजारो हेक्टर लाभक्षेत्र त्यांच्या सहीखाली होतं. आता त्यांच्या ताब्यात एक टोपली होती, आणि ती भिजत नव्हती.

खत त्यांचं स्वतःचं होतं, हे जास्त लागणारं होतं. निवृत्तीनंतर ते नाशिकला गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीच्या ओला कचरा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत ते एकटेच होते. त्यांनी भाज्यांच्या सालींचं खत केलं, त्यात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं, आणि ओलं ठेवलं तर वास येईल म्हणून सबंध एप्रिल-मे ते गच्चीवर पसरून वाळवलं. याहून कमी उन्हात लोकांचे पापड होतात. नऊ पोती भरली. कुणी न्यायला येईना. सोसायटीचा सेक्रेटरी दिनेश अहिरे दर आठवड्याला लिफ्टमध्ये गाठायचा. "सर, ती पोती कधी हलवताय? टाकी धुवायला आलेल्या माणसाला वर पाय ठेवायला जागा नाही."

घटासाठी शेतातली काळी माती लागते. तिला वावरी म्हणतात आणि रविवार कारंज्यावर बायका ती पाट्यांतून विकायला बसतात. यंदा शामसुंदररावांनी ती आणू दिली नाही. घरची नऊ पोती असताना बाहेरची माती कशाला? घट बसवला, फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "यंदाचा घट आपल्याच खतात! सूचना क्रमांक एक: पाणी हलक्या हाताने घालावे. सूचना क्रमांक दोन: परातीत निचऱ्याचे पाणी साचू देऊ नये. प्रत्येक वेळी पुसून घ्यावे." पाच घरांनी खत नेलं. समितीच्या कारकिर्दीतला तो सर्वांत यशस्वी दिवस होता. दुसरा तसा दिवस आला नाही.

घट उगवला नाही तर काय, पुढच्या वर्षी उगवेल, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मध्ये अथर्व होता.

अथर्व त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. फेब्रुवारीत त्यानं सांगितलं की त्याला हर्षालीशी लग्न करायचं आहे. हर्षाली शेतीशास्त्राची पदवी घेतलेली. लासलगावजवळ वडिलांची भाजीपाल्याची रोपवाटिका होती, तिचं सगळं तीच बघायची. घर शेतकऱ्याचं, समाज वेगळा. शामसुंदररावांचा जातीपातीवर विश्वास नव्हता. हे ते तीस वर्षं सांगत आले होते आणि ते खोटंही नव्हतं. फक्त वापरून बघायची वेळ आली नव्हती. नाही म्हणणं तत्त्वात बसेना आणि हो म्हणणं तोंडातून निघेना. मग त्यांनी नोकरीतल्या सवयीनं ती फाइल पुढं ढकलली. आधी मार्चअखेर होऊ दे. (निवृत्त माणसाला मार्चअखेर कसला, हे त्यांच्या पत्नीनं, अनसूयाबाईंनी, विचारलं नाही.) मग ऊन कमी होऊ दे, मग पाऊस नीट पडू दे, मग पितृपक्षात असलं कसं बोलायचं. शेवटी म्हणाले, "नवरात्र येऊ दे. घट कसा येतोय बघू, मग बोलू."

ते सहज म्हणाले होते. पण माणूस सहज बोलतो तेच घरात लक्षात राहतं. तिकडून हर्षालीच्या वडिलांचा, शेखररावांचा, निरोप आला: दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढं निफाडचं एक स्थळ आहे, त्या लोकांना किती दिवस ताटकळत ठेवायचं? म्हणजे मूठभर गव्हावर दोन घरं डोळे लावून बसली होती. आणि गहू कोरडेठाक होते.

रोज संध्याकाळी अथर्वचा फोन यायचा. "बाबा, घट कसाय?"

"ठीक आहे," शामसुंदरराव म्हणायचे.

"उगवलाय का?"

"प्रगतिपथावर आहे."

तिसऱ्या माळेला त्यांनी मोजमाप घेतलं. अर्धा लिटर पाणी घातलं. परातीत चारशे ऐंशी मिलिलिटर परत मिळालं. ते त्यांनी नियमाप्रमाणे स्पंजनं टिपून बेसिनमध्ये पिळलं. निचरा नसला की जमीन पाणथळ होते, मीठ वर येतं, पीक सडतं. हे त्यांनी शेतकऱ्यांना सांगून सांगून घसा कोरडा केला होता.

"वाळलं की त्याच्या कणांवर मेणासारखा थर येतो," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि घरात त्या विचारल्याशिवाय सहसा बोलत नसत. "पाण्याला तो नको असतो. पृष्ठताण."

"पृष्ठताण मला सांगू नकोस," शामसुंदरराव म्हणाले. त्यांनी विणकामाची सुई आणून खताला एकोणीस भोकं पाडली. पाणी त्या भोकांतून आता पूर्वीपेक्षा लवकर परातीत येऊ लागलं. कालव्याला घुशी लागतात तेव्हा नेमकं हेच होतं. फरक इतकाच की इथली घूस ते स्वतः होते.

चौथ्या दिवशी सल्ले सुरू झाले. धुणं-भांडी करणाऱ्या सरुबाई मूळच्या वणीकडच्या. त्यांनी टोपलीत बोट खुपसलं आणि बाहेर काढून फुंकर मारली. पूड उडाली.

"साहेब, ह्यो तर नुसता भुसा हाय. वावरातली माती सोडून ह्यात देवीला बसवलं व्हय?"

"सरुबाई, हे सेंद्रिय खत आहे."

"आसंल. पर देवीला काय ठावं नाय ना."

तिसऱ्या मजल्यावरच्या लताबाईंनी इस्त्रीचं पाणी फवारायची बाटली पाठवली. तासभर फवारल्यावर शामसुंदररावांचा अंगठा दुखायला लागला आणि खतावर थेंबांची सुंदर नक्षी उठली. दिनेशनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. "सर, सिंपल आहे. टोपली उचलायची, बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची. खतम."

"घट हलवायचा नसतो."

"दोन मिनिटं, सर."

"दोन मिनिटं की दोन तास, हा प्रश्न नाही. नियम तो नियम." नियम कशासाठी आहे हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण ज्या नियमाचं कारण माहीत नसतं तो मोडायला कुठं अर्ज करायचा हेही माहीत नसतं.

मग दिनेशनं बर्फ सुचवला. बर्फ हळूहळू वितळतो, म्हणून पाण्याला मुरायला वेळ मिळतो. शामसुंदररावांनी कलशाभोवती आठ खडे मांडले. सरुबाईंनी ते पाहिले आणि आपला पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी घट्ट केला. देवीला पडसं होणार, हे त्यांनी त्यातून कळवलं. बर्फ वितळला. पाणी परातीत आलं, थंड होतं एवढंच.

त्यानंतर साबणाचा विषय निघाला. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला तर पाणी खताला चिकटतं, असं लताबाईंच्या भाच्यानं सांगितलं. द्राक्षवाले फवारणीत असलंच काही टाकतात, हे शामसुंदररावांना माहीत होतं; पण देवीच्या घटात भांडी घासायचा साबण घालायला ते तयार होईनात.

"रिठा चालेल," अनसूयाबाई म्हणाल्या. "काम तेच करतो. देवाचे दागिने आपण रिठ्यानंच धुतो."

यात खोट काढता येईना. रिठे भिजवले, कुस्करले, गाळले. शामसुंदररावांनी ते पाणी उंचावरून, धार धरून ओतलं, आणि घटाला फेस आला. पांढराशुभ्र, कलशाच्या गळ्यापर्यंत. त्याच वेळी लताबाई आरतीला आल्या. त्यांनी हात जोडले, मग चष्मा घातला, मग विचारलं, "भाऊजी, हे काय हो?"

"उपाययोजना," शामसुंदरराव म्हणाले.

फेस बसला तेव्हा वरचं अर्धा इंच खत खरोखरच ओलं झालेलं दिसलं. त्यांना उत्साह आला. त्यांनी आणखी पाणी घातलं, ते खाली उतरलं, आणि त्यांनी परात लख्ख पुसून घेतली. देवघरात पंखा होता. संध्याकाळपर्यंत ते अर्धा इंचही वाळलं.

पाचव्या दिवशी लताबाई पुन्हा आल्या. या वेळी एकट्या नव्हत्या. खत नेलेल्या पाचही घरांतल्या बायका होत्या. कुणाचाच घट नीट उगवला नव्हता. लताबाईंचा कलश मातीचा होता, त्याच्या पाझरानं बुडाशी चार कोंब आले होते, आणि त्या ते चार लेकरांसारखे जपत होत्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता. "मी मानत नाही हो असलं काही," त्या म्हणाल्या, "पण ती रोज येऊन टोपलीत बघते, आणि मग जेवत नाही."

शामसुंदरराव पाहणी दौऱ्यावर निघाले. पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी टोपली कोरडी होती आणि प्रत्येक घरी परात, त्यांच्या सूचना क्रमांक दोनप्रमाणे, स्वच्छ पुसलेली होती. एके ठिकाणी पुसायला वेगळा नॅपकिनच ठेवला होता. नोकरीत त्यांच्या सूचना इतक्या काटेकोरपणे कुणीच पाळल्या नव्हत्या. पाचव्या चहानंतर ते जिन्यात बसले. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये दिनेश भेटण्याचा धोका होता.

दिनेश घरीच आला. हातात कागद होता. "सर, वाईट वाटून घेऊ नका. मेंबर लोक ऐकत नाहीत. परवा संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये मीटिंग ठेवलीय. खत समितीचे अध्यक्ष म्हणून तुमचा खुलासा लागेल."

"लेखी?"

"तोंडी चालेल. मी लिहून घेतो."

शामसुंदररावांनी आयुष्यात शेकडो लोकांकडून खुलासे मागवले होते. खुलासा मागवलेला माणूस घरी जाऊन काय करतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तो काही करत नाही. तो खुर्चीत बसतो आणि पंख्याकडं बघतो.

"एक विचारू?" अनसूयाबाई म्हणाल्या. "घट नाही आला, तर तुम्हाला नाही म्हणायला कारण मिळतं. मग पाच दिवस हा आटापिटा कशासाठी?"

पंखा फिरत होता. खरं म्हणजे हा प्रश्न त्यांनाही पडायला हवा होता, पण ते पाणी मोजण्यात गुंतलेले होते.

सहाव्या माळेला, सकाळचा चहा झाल्यावर, अनसूयाबाईंनी आपल्या फोनवरून एक नंबर लावला, "हो, काकांना देते," म्हणाल्या आणि फोन शामसुंदररावांच्या हातात ठेवला. नाशकात कोकोपीटबद्दल ज्यांना ज्यांना विचारता येईल त्या सगळ्यांना शामसुंदररावांनी विचारलं होतं. एकच माणूस राहिला होता. ज्या मुलीचं प्रकरण आपल्याकडं निर्णयासाठी पडून आहे, तिचाच सल्ला घेणं शिस्तीत बसत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"नमस्कार काका," हर्षाली म्हणाली. मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

"नमस्कार. ते... तुमच्याकडे रोपं कोकोपीटमध्येच करतात ना?"

"हो काका. टोमॅटो, मिरची, सगळं ट्रेमध्येच असतं."

"ते समजा वाळलं. म्हणजे, कुणाचं तरी वाळलं."

"पार कोरडं झालं असेल तर वरून कितीही ओता, घेणार नाही. घातलेलं पाणी जातं कुठं?"

"खाली परातीत."

"आणि मग?"

"मग काय? पुसून घेतो. निचरा नको व्हायला?"

पलीकडे तिनं कुणाला तरी मोटर बंद करायला सांगितलं.

"काका, ते पुसू नका ना," ती म्हणाली. "परातीत दोन बोटं पाणी राहू द्या. दिवसभर, रात्रभर. हातच लावू नका. खालून आपसूक वर चढतं. आमच्याकडं नवीन माणूस कामाला आला की तोही हेच करतो, ट्रेखालचं पाणी लगेच ओतून देतो."

"नवीन माणूस," शामसुंदरराव म्हणाले.

"तसं नाही हो काका—"

"नाही, बरोबर आहे. गहू वाया गेले असतील ना?"

"कोरडेच राहिलेत ना? मग बी चांगलं आहे. जे वर भिजून वाळले ते गेले असतील, खालचे नाही. ओल मिळाली की मोड येतील." ती थांबली. "पण दसऱ्यापर्यंत वर दिसतील का, ते नाही सांगता येत. तीन-चार दिवस कमीच आहेत. मी उगाच येतील म्हणणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. या मुलीला घटावर काय अडकलंय ते माहीत होतं. अथर्वनं तिला सांगितलं नसणं शक्य नव्हतं. "येतील काका, काळजी नको," एवढं म्हणायला तिचं काही जात नव्हतं. तिच्या जागी दुसरं कुणीही तेच म्हणालं असतं. हाताखालच्या माणसांनी आयुष्यभर त्यांना "होऊन जाईल साहेब" असंच सांगितलं होतं. स्वतःच्या तोट्याचा असा सरळ अहवाल त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता.

"परातीतलं पाणी राहू द्यायचं म्हणे," ते म्हणाले.

"हो का," अनसूयाबाई म्हणाल्या. ही बातमी त्यांना नवी असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही मला विचारलं नव्हतं." त्यांनी तांब्याभर पाणी परातीत ओतलं आणि स्पंज उचलून कपाटात ठेवला. "आठ महिने जिथं काहीतरी करायला हवं होतं तिथं तुम्ही नुसते बसून राहिलात. आणि जिथं नुसतं बसायला हवं होतं, तिथं दिवसातून चार वेळा पुसत होतात."

ते पाच घरं फिरून आले. या वेळी चहा घेतला नाही. फक्त सांगितलं: पाणी घाला आणि पुसू नका.

सातव्या माळेच्या सकाळी खत खालून काळं पडायला लागलं होतं. दुपारपर्यंत ओल वरपर्यंत आली. शामसुंदररावांनी बोटानं दाबून पाहिलं. बोट ओलं झालं. कोंब मात्र एकही नव्हता. फक्त काळी, ओली, उघडी टोपली. अथर्वचा फोन लवकर आला. "बाबा, घट कसाय?"

"उगवलेला नाही," ते म्हणाले. सात दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले. मग पुढं म्हणाले, "मीटिंगला चाललोय. नंतर बोलतो."

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दिनेश इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसला होता. वीसेक लोक होते. इमारतीची गळती आणि लिफ्ट या विषयांनाही कधी इतके जमले नव्हते. शामसुंदरराव उभे राहिले. खुलासे कसे द्यायचे नसतात, हे त्यांनी भरपूर वाचलं होतं, त्यामुळे त्यांचा खुलासा लहान झाला.

"खत मी गरजेपेक्षा जास्त वाळवलं. वाळलं की ते वरून पाणी घेत नाही, खालून घेतं. ते खालचं पाणी पुसायची सूचना माझी होती. ती चूक होती. सूचना क्रमांक दोन मी मागं घेतो."

लोक भांडायची तयारी करून आले होते, आणि समोरच्यानं चूक कबूल केल्यावर पुढं काय करतात याची कुणाला सवय नव्हती.

"आमचं आज भिजलंय," लताबाई म्हणाल्या. "सुनेनं हात लावून बघितलं. दुपारी व्यवस्थित जेवली."

"मग दसऱ्यापर्यंत येईल का?" मागून कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही," शामसुंदरराव म्हणाले. "येईल असं उगाच सांगणार नाही. उरलेली सगळी पोती मात्र मी उद्यापासून भिजवून ठेवतो."

दिनेश लिहीत होता. तो थांबला. "सर, एक पॉइंट राहिला. हे खालून पाणी चढवायचं तुम्हाला कुणी सांगितलं? तज्ज्ञाचा सल्ला घेतला, असं टाकलं की विषय बंद होतो."

"हर्षाली म्हणून आहेत. लासलगावच्या. रोपवाटिका आहे त्यांची."

"खात्यातल्या आहेत?"

"नाही."

"मग ओळखीच्या?" दिनेशनं पेन टेकवलं. "नात्यातल्या? काय लिहू? तुमच्या कोण त्या?"

परिचित, हा शब्द तयार होता. सरकारी कागदावर तो चालला असता, आणि घरीही आणखी दोन महिने चालला असता. लताबाई पुढं वाकल्या होत्या. दुसऱ्या रांगेत अनसूयाबाई बसल्या होत्या. त्या त्यांच्याकडं बघत नव्हत्या, समोरच्या खांबावर रंगवलेला गाडीचा नंबर वाचत होत्या.

शामसुंदररावांनी घसा साफ केला.

"होणारी सून," ते म्हणाले. "आमच्या अथर्वची बायको. लिही, दिनेश."